हॅकबेरी गल्लीतला बंदोबस्त

गेल्या ऑक्टोबरात जे झालं ते माझ्यामुळे झालं, असं आमच्या हॅकबेरी गल्लीतल्या लोकांचं अजून मत आहे. मला ते मान्य नाही. मी फक्त मुलांच्या जिवाची काळजी घेत होतो. आता काळजी घेता घेता त्यात दोन बॅरिकेड, सेहेचाळीस नारिंगी जाकिटं, एक नगरपालिका आणि शेजारणीचं एक झुडूप आलं, त्याला मी काय करणार?

सुरुवात जेवणाच्या टेबलावर झाली. बटाट्याच्या लगद्यावर कोंबडीच्या रश्श्यातल्या शेवया वाढल्या होत्या आणि मी पहिला चमचा तोंडात घातला होता. माझी मुलगी हॅटी म्हणाली, "डॅड, यंदा तू नाही यायचंस."

कुठे, हे विचारायची गरज नव्हती. आमच्या गावात हॅलोविनच्या आदल्या संध्याकाळी, सहा ते आठ, पोरं सोंगं घेऊन दारोदार गोळ्या-चॉकलेटं मागत हिंडतात. एकतीस तारखेला नाही, तीसला. तिला आम्ही भिकाऱ्यांची रात म्हणतो. ज्या ओसरीवर दिवा असेल त्या घरी जायचं, दिवा नसेल तर मुकाट पुढे चालायचं. आणि दारात नुसता हात पसरून चालत नाही. आधी एक विनोद सांगायचा, घरमालकानं हसायचं, मग गोळी. आम्ही आयोवाची माणसं, फुकट काही देत नाही. हॅटी दहा वर्षांची. त्यातली नऊ वर्षं मी तिच्यामागे विजेरी घेऊन चाललो होतो, पहिल्या वर्षी तर तिला कडेवर घेऊन.

"एकटी जाणार?" मी विचारलं.

"एकटी कशी? जूनी आहे, प्रू आहे. आपल्याच गल्लीत. आठला घरी."

"आणि मी?"

"तू ओसरीवर बस. इतरांचे डॅड बसतात तसा. मी शब्द देते, विचारल्याशिवाय कुणाच्या घरात पाऊल टाकणार नाही. तू शब्द दे, पायरी उतरणार नाहीस."

मी विमा कंपनीत दावे तपासतो. शब्द या प्रकाराचा मला तेवीस वर्षांचा अनुभव आहे. ज्यांची धान्याची कोठी 'आपोआप' जळाली, ते सगळे मला शब्दच देत असतात. म्हणून मी म्हटलं, "कागदावर लिहू या."

"नको," हॅटी म्हणाली. "कागदावर लिहिलं तर तू त्यात पळवाट शोधशील. नुसता शब्द दे. आणि मोडलास ना डॅड, तर मी चिडणार नाही. फक्त यापुढे तुला काही विचारणार नाही. सरळ करणार आणि सांगणार पण नाही."

माझी बायको नोरीन शेवया वाढत होती. ती म्हणाली, "तुझीच मुलगी आहे."

मी शब्द दिला. त्या रात्री मला झोप लागली नाही. मुलगी चिडली तर समजूत घालता येते. पण दहाव्या वर्षी जी मुलगी सांगायची बंद होते, ती सोळाव्या वर्षी काय करेल, याचं चित्र माझ्यासारख्या माणसाच्या डोळ्यांपुढे फार तपशिलात उभं राहतं. म्हणजे पायरी उतरायची नव्हती. पण गल्ली सुरक्षित करायची नाही, असा शब्द मी कुठे दिला होता? पहाटे मी उठलो आणि गल्लीचा नकाशा काढायला घेतला.

नकाशात एकवीस घरं होती. प्रत्येक घरापुढे मी रंग भरला. हिरवा म्हणजे भरवशाचा, पिवळा म्हणजे नजर ठेवावी असा, तांबडा म्हणजे धोका. दुपारपर्यंत दोन घरं हिरवी होती. त्यातलं एक आमचं.

समोरची गेल पोस्टमा कॉफीचा कप घेऊन आली आणि नकाशा बघायला लागली. गेलला सल्ला द्यायला कुणी विचारावं लागत नाही.

"मी पिवळी?" ती म्हणाली. "आर्लन, मी चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवते!"

"तुझ्या पायऱ्यांना कठडा नाही. माणूस म्हणून तू हिरवीच आहेस."

"आणि एकोणीस नंबर?"

आम्ही दोघांनी एकोणीस नंबराकडे पाहिलं. तो गल्लीच्या अगदी उत्तर टोकाला. मी त्याला तांबड्यावर आणखी तांबडं भरलं होतं. तिथे मिस्टर क्रूपा नावाचे म्हातारे गृहस्थ एकटे राहतात. अकरा वर्षांत भिकाऱ्यांच्या रातीला त्यांच्या ओसरीवर दिवा दिसला नव्हता. कुणाशी बोलणं नाही. मी त्यांना मागून तीन वेळा हाक मारली होती, नमस्कार सोडाच, मान वळवली नव्हती. त्यांच्याकडे खिडक्या नसलेली एक करडी गाडी होती. आणि सप्टेंबरात त्यांनी तळघराच्या खिडकीला नवीन पडदा लावला होता, याची माझ्याकडे तारखेसकट नोंद होती.

"माणूस लपवतोय काहीतरी," मी म्हटलं.

"मीही तेच म्हणते," गेल म्हणाली. "पण एक सांगू? तू रस्ताच बंद कर. गाड्याच नकोत. माझ्या मेव्हण्याच्या गावात करतात तसं."

ही कल्पना तिची होती. हे मी नंतर बऱ्याच जणांना सांगितलं, पण कुणी ऐकून घेतलं नाही.

नगरपालिकेच्या खिडकीमागे डेलोरेस नावाच्या बाई बसतात. त्यांनी चष्मा नाकावर घेतला आणि विचारलं, "रस्ता कशासाठी बंद करायचाय? मिरवणूक, सामूहिक जेवण की डांबरीकरण?"

"भिकाऱ्यांची रात."

"तसा रकाना नाही."

"मग मिरवणूक लिहा."

"मिरवणुकीला आरंभ लागतो, शेवट लागतो आणि पुढे एक जबाबदार माणूस चालावा लागतो."

"मुलं मिरवणुकीनं जात नाहीत हो. दारोदार जातात."

"दारोदार?" बाईंनी दुसरा अर्ज काढला. "मग ही फेरीविक्री."

"ती काही विकत नाहीत. मागतात."

"मग वर्गणी." तिसरा अर्ज आला. "वर्गणी गोळा करणाऱ्या प्रत्येक इसमाच्या छातीवर फोटोसह ओळखपत्र पाहिजे."

"बाई, त्यांनी राक्षसांचे मुखवटे घातलेले असतात!"

"फोटो मुखवटा काढून काढायचा," डेलोरेसबाई म्हणाल्या.

पाऊण तासाने आम्ही डांबरीकरणावर तडजोड केली. म्हणजे कागदोपत्री तीस ऑक्टोबरला सहा ते आठ हॅकबेरी गल्लीत डांबर पडणार होतं. डांबरीकरणाला ओळखपत्र लागत नाही, फक्त प्रत्येक घराची सही लागते. शिवाय रस्ते खात्याकडून दोन बॅरिकेड आणि कामगारांची चमकती नारिंगी जाकिटं मिळतात. किती पाहिजेत, असं त्यांनी विचारलं. मी गल्लीतली मुलं मोजून सेहेचाळीस म्हटलं. अंधारात गाडीच्या दिव्यानं दोनशे फुटांवरून दिसणारी जाकिटं! मी घरी येताना शीळ वाजवत होतो.

सह्या गोळा करायला गेलो तेव्हा लोकांच्या मनात किती संशय भरलेला असतो ते कळलं. सात नंबरवाल्यांना वाटलं, मी नगरपालिकेला उभा राहतोय. बारा नंबरच्या नर्सबाई रात्रपाळी करतात आणि संध्याकाळी झोपतात, त्यांनी साखळी न काढता फटीतून विचारलं, "यात माझ्या कुंपणाच्या उंचीबद्दल काही आहे का?" एका गृहस्थांनी कागद उजेडात धरून पाठीमागून वाचला. मुलांच्या सुरक्षिततेचा साधा कागद! माझ्यासारख्या सरळ माणसावर कुणी संशय घ्यावा, हे मनाला फार लागलं.

कागदावर मी एक कलम आपलं घातलं होतं. 'सहा ते आठ या वेळात प्रत्येक घराच्या ओसरीवरचा दिवा चालू राहील.' गल्ली उजळून निघाली पाहिजे, पायरी दिसली पाहिजे, कोपऱ्यात कुणी उभं असेल तर तोंड दिसलं पाहिजे.

गेलनं कलम वाचलं आणि म्हणाली, "आर्लन, दिवा म्हणजे गोळी. सगळ्यांनीच दिवे लावले तर कोण देतं आणि कोण देत नाही, हे पोरांना कळायचं कसं?"

"आधी सुरक्षितता," मी म्हटलं. "मग बाकीचं."

तिचं तेव्हा ऐकायला हवं होतं.

एकोणीस नंबराची घंटा मी चार वेळा वाजवली. दार उघडेना. खिडकीतून पाहिलं तर मिस्टर क्रूपा आत खुर्चीत बसून कोडं सोडवत होते, घंटा वाजतेय याची दखलच नाही. मी काचेवर हात हलवला तेव्हा ते दचकून उठले. दार उघडलं. मी सगळं समजावून सांगितलं, चांगली पाच मिनिटं. ते माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहिले. मग कागद घेतला, सही केली, मान लववली आणि दार लावलं. एक शब्द नाही. एक प्रश्न नाही. माझ्या धंद्यात प्रश्न न विचारता सही करणारा माणूस एक तर फार प्रामाणिक असतो किंवा अट्टल. पहिल्या प्रकारचा मला अजून भेटायचा होता.

तीस तारीख उजाडली ती बोचऱ्या वाऱ्यानं. संध्याकाळी साडेपाचला मी जाकिटं वाटली. इथे पहिली अडचण आली. जाकिटं रस्ते खात्याच्या धट्ट्याकट्ट्या माणसांच्या मापाची होती. पोरांच्या ती घोट्यापर्यंत येत होती. नाकापेक्षा मोती जड! हॅटीनं आणि नोरीननं तीन आठवडे खपून वादळाचं सोंग केलं होतं. आमच्याकडे येते तसली, गाईगुरं उडवून नेणारी चक्री वावटळ. पांढऱ्या कापसाचे वेढे आणि त्यात दोऱ्याला लटकलेल्या चार छोट्या गाई. जाकीट घातल्यावर वादळ संपलं आणि खाली एक गाय तेवढी लोंबत राहिली.

"डॅड," हॅटी म्हणाली.

"दोनशे फुटांवरून दिसतेस तू."

"हो. पण मी कोण आहे ते दोन फुटांवरूनही कळत नाही."

ती जूनी आणि प्रूबरोबर गेली. नोरीन उत्तरेच्या बॅरिकेडपाशी मोठा थर्मास घेऊन, येणाऱ्या मुलांना गरम कोको द्यायला उभी राहिली. मी ओसरीवर खुर्चीत बसलो, मांडीवर गोळ्यांचं भांडं, दोन्ही पाय पायरीच्या आत.

सव्वासहापर्यंत आमच्या दारात बावीस कामगार येऊन गेले. मी प्रत्येकाला विचारायचो, "तू कोण रे?" "मी समुद्री चाचा." "आणि तू?" "मी राणी." "आणि तू?" "मी रस्ते खात्यातला माणूस." हा शेवटचा खरा हुशार. एका पोरानं मला विनोद सांगितला, "कोंबडीनं रस्ता का नाही ओलांडला? कारण मिस्टर रीमर्सनी तो बंद केलाय." मिस्टर रीमर्स म्हणजे मी. मी हसलो. हसावंच लागतं. पण हा विनोद मला त्या संध्याकाळी सहा जणांनी सांगितला, तेव्हा तो कुणीतरी मुद्दाम पसरवला होता आणि कुणी, याचाही मला अंदाज आहे.

मग फोन सुरू झाले. बारा नंबरच्या नर्सबाईंना चौदा वेळा झोपेतून उठवून चौदा विनोद सांगण्यात आले होते आणि त्यांच्याकडे द्यायला फक्त खोकल्याच्या गोळ्या होत्या. त्या त्यांनी दिल्या. त्यामुळे चौदा आयांचे फोन. आठ नंबरचे लोक परगावी गेले होते आणि जाताना माझ्या कागदाला जागून दिवा लावून गेले होते. तिथे पोरांची रांग लागली होती आणि आतून कुणी हसत नव्हतं. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तसं दक्षिणेच्या बॅरिकेडपाशी एक खराखुरा डांबराचा ट्रक येऊन उभा राहिला. कागदावर डांबरीकरण होतं ना! ड्रायव्हर मला फोनवर विचारत होता, "साहेब, तुमचे कामगार फार बुटके आहेत, आणि ते मला विनोद सांगतायत. काय करू?"

"हसा आणि परत जा," मी म्हटलं.

आणि मग, सहा अडतीसला, माझी नजर उत्तर टोकाकडे गेली. एकोणीस नंबराच्या ओसरीवर दिवा होता.

अकरा वर्षांत पहिल्यांदा. मी उभाच राहिलो. माझ्या कलमानं लावलेला दिवा! आजवर अंधार होता म्हणून मुलं त्या घरी जात नव्हती. तो अंधार मी काढून टाकला होता, सहीशिक्क्यानिशी. माझ्या डोळ्यांदेखत चार नारिंगी जाकिटं फाटकातून आत गेली. मी मोजायला लागलो. तीन बाहेर आली.

पुन्हा मोजलं. तीनच. मी बॅरिकेडकडे पाहिलं. थर्मास होता, नोरीन नव्हती.

चार वजा तीन किती राहतात, हे बापाला कुणी शिकवावं लागत नाही. मी मनाला सांगितलं, तू शब्द दिला आहेस. मनानं सांगितलं, शब्द देताना हा दिवा नव्हता. परिस्थितीत मूलभूत बदल झाला तर करार रद्द होतो, हे आमच्या कंपनीच्या प्रत्येक पॉलिसीत बारीक अक्षरात छापलेलं असतं. मी पायरी उतरलो.

बाहेर आलेली तिघं आधी तपासावीत, असं ठरवलं. त्यांत हॅटी असली तर गुपचूप परत येऊन बसता येणार होतं. ती तिघं गेलच्या घराकडे निघाली. अंधारात सगळी सारखी, एकाच कारखान्यातून सुटल्यासारखी. पण त्यांतल्या मधल्या जाकिटाखाली मला कापूस दिसला. वादळ! माझा जीव भांड्यात पडला. तरी खात्री करून घ्यावी म्हणून मी वाकून, कुंपणाच्या कडेकडेनं मागे गेलो आणि गेलच्या झुडपात शिरलो. कापूस दहा फुटांवर होता. मी हळूच म्हटलं, "श्श! हॅटी!"

कापूस वळला. ती गेलची सात वर्षांची नात मेबल होती. तिनं मेंढीचं सोंग घेतलं होतं. ती किंचाळली. तेवढ्यात दाराच्या घंटेला लावलेल्या कॅमेऱ्याच्या भोंग्यातून गेलचा आवाज अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा फुटला.

"आर्लन रीमर्स! माझ्या झुडपात काय करतोयस?"

गल्ली थांबली. आयाबाप थांबले. माझ्या डोक्यात पानं होती आणि माझ्याच अंगावर तेवढं जाकीट नव्हतं. गेले तीन आठवडे मी या लोकांना छापील पत्रकं वाटून सांगत होतो, की कोपऱ्यात, झुडपात, अंधारात कुणी मोठा माणूस दिसला तर ताबडतोब ओरडा. माझी शिकवण फुकट गेली नव्हती. मेबल अजून ओरडत होती.

"एकोणीस नंबर!" मी म्हटलं. "पोरगी आत आहे!" आणि धावत सुटलो. हे ऐकल्यावर माझ्यामागे निम्मी गल्ली धावली. ते मला पकडायला धावत होते की त्या पोरीला सोडवायला, हे मला आजवर कळलेलं नाही.

एकोणीस नंबराच्या फाटकात प्रू रांग लावत होती आणि पायरीवर जूनी बसली होती, अगदी पहारेकऱ्यासारखी. माझ्या मोजणीतलं चौथं जाकीट तेच, हे माझ्या नंतर लक्षात आलं. ती म्हणाली, "मिस्टर रीमर्स, रांगेत या." मी तिला ओलांडून दार ढकललं.

दारातच एका स्टुलावर हॅटी बसली होती. जाकीट काढून ठेवलेलं, वादळ पूर्ण दिसत होतं, चारही गाई जागेवर. मांडीवर वही, हातात पेन्सिल. तिच्या शेजारी खुर्चीत मिस्टर क्रूपा, मांडीवर चॉकलेटांचा भला मोठा टोप. आणि स्वयंपाकघरातून कोकोचे दोन कप घेऊन येत होती ती माझी बायको.

"आर्लन," नोरीन म्हणाली, "तुझ्या डोक्यात फांदी आहे."

"ही आत काय करतेय?" मी ओरडलो. "हिनं शब्द दिला होता, घरात पाऊल टाकणार नाही!"

"विचारल्याशिवाय टाकणार नाही, असा दिला होता," हॅटी म्हणाली. "मी आईला विचारलं. आईनं येऊन बघितलं, मग हो म्हटलं. जूनीला मी पायरीवर बसवलंय, म्हणजे बाहेरून कुणीतरी बघत राहील."

मी जी पत्रकं छापून वाटली होती त्यात याहून कमी खबरदारी होती.

मिस्टर क्रूपा माझ्या ओठांकडे बघत होते. मग ते बोलले, जरा जास्तच मोठ्यानं, ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही तसं. "तुमच्या मुलीवर रागावू नका. मला ऐकू येत नाही. बारा वर्षं झाली. आधी मी दिवा लावायचो. पोरं मुखवट्याआडून विनोद सांगायची, ओठ दिसायचे नाहीत, मी अंदाजानं हसायचो. एकदा एक चिमुरडी अर्ध्यातच होती आणि मी हसलो. ती रडायलाच लागली. तिला वाटलं, मी तिलाच हसतोय." त्यांनी टोपातली चॉकलेटं उगाच सारखी केली. "मग दिवा बंद केला. दार उघडून लाज काढून घेण्यापेक्षा अंधार बरा वाटला."

"मग यंदा का लावलात?" मी सावकाश, तोंड नीट उघडून विचारलं.

ते माझ्याकडे आश्चर्यानं बघायला लागले. "मी सही केली होती ना तुमच्या कागदावर. सही केली म्हणजे लावायला नको?"

मी डोक्यातलं एक पान काढून खिशात घातलं.

हॅटीनं वही मला दाखवली. मुलगा दारात येऊन विनोद सांगायचा, ती तो लिहायची, मिस्टर क्रूपा वाचायचे आणि बरोब्बर शेवटच्या ओळीला हसायचे. त्या कोंबडीच्या विनोदापुढे त्यांनी पेन्सिलीनं तीन फुल्या काढल्या होत्या. रांग फाटकाच्या बाहेर गेली होती. अख्ख्या गल्लीत तेवढ्याच एका घरी हसणं खरं होतं.

दारात जमलेले लोक हळूहळू पांगले. गेल जाताना माझ्या केसांतली फांदी काढून घेऊन गेली, ती तिची होती म्हणून.

"हॅटी," मी म्हटलं, "मी चार मोजली आणि तीन बाहेर आली..."

"तू पायरी उतरलास."

ती चिडली नव्हती. सांगितल्याप्रमाणे अजिबात चिडली नव्हती. तिनं वहीचं पान उलटलं, पेन्सिल धरली आणि पुढच्या मुलाकडे बघायला लागली. मला फार वाईट वाटलं. तिनं आदळआपट केली असती तर मी माझी बाजू मांडली असती. बाजू मांडण्यात मी हयात घालवली आहे. पण समोर कुणी वाद घालणारंच नसलं तर माणसानं काय मांडायचं?

"हॅटी, चुकलं माझं," मी म्हटलं. "मी घाबरलो होतो."

तिनं भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. "सात वाजलेत," ती म्हणाली. "अजून एक तास आहे. मिस्टर क्रूपा म्हणतील तर थोडा जास्त. जा आणि बस. बघू."

मी एकोणीस नंबरापासून आमच्या घरापर्यंत चालत आलो. एकदाही मागे बघितलं नाही. ओसरीवर चढलो आणि खुर्चीत बसलो. गोळ्यांचं भांडं माझ्या गैरहजेरीत कुणीतरी रिकामं केलं होतं. एक चिठ्ठी होती, 'विनोद सांगितला होता, ऐकायला कुणी नव्हतं.'

साडेसातला दक्षिणेकडून भांडणाचा आवाज आला. मी उठलो नाही. डांबराच्या ट्रकनं मागे येताना एक बॅरिकेड आडवं केलं असावं. उठलो नाही. आत फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला. तो डेलोरेसबाईंचा होता, रस्त्यावर डांबर का नाही, असं विचारायला. हे दुसऱ्या दिवशी कळलं. आठ वाजले. गल्लीतले दिवे एकामागून एक विझले. बाकीची पोरं घरी गेली. एकोणीस नंबराचा दिवा चालूच होता आणि तिथून मधूनमधून हसण्याचा आवाज येत होता. आठ दहा झाले. आठ वीस. वारा कोटाच्या आत शिरत होता. तिथे काय चाललं असेल, याबद्दल माझ्या मनात निदान अकरा शंका आल्या. त्यांतली प्रत्येक उठून जाण्याइतकी सबळ होती. मी खुर्चीचे दोन्ही हात धरून बसून राहिलो.

आठ पंचवीसला फाटक वाजलं. पुढे हॅटी, मागे रिकामा थर्मास घेऊन नोरीन. वादळाचा कापूस सुटला होता आणि एक गाय हातात होती. हॅटी पायऱ्या चढून माझ्यासमोर उभी राहिली.

"इथेच होतास?"

"इथेच."

"सगळा वेळ?"

"सगळा वेळ. शब्द..." मी म्हणायला गेलो आणि थांबलो.

"ऊठ," ती म्हणाली.

मी उठलो. पाय आखडले होते. हॅटीनं हातमोजा काढला, वाकली आणि खुर्चीच्या बैठकीवर तळहात ठेवला. मधोमध ठेवला, मग कडेला ठेवला. मग उशी उचलून तिच्या खालीही हात घालून बघितला. शेजारच्या रिकाम्या खुर्चीला हात लावून दोन्हींतला फरक पडताळला. तेवीस वर्षांत मी एवढी नीट तपासणी कुणाची केली नव्हती.

"गरम आहे," तिनं आईला सांगितलं.

मग ती खुर्चीत बसली, कारण तिलाही थंडी वाजत होती, आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी विचारीन तुला. पण हात लावून बघणार."